खेकडा खायचा की नाही, हे कुणी ठरवायचं?

पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर माडावर चढणारा एक खेकडा आहे. तिथल्या भाषेत त्याला बारुलेप म्हणतात. वजन चार किलोपर्यंत, पाय पसरले तर मीटरभर ऐसपैस, आणि नांग्यांत इतकं बळ की नारळाची सोडणं ओढून काढून, करवंटी फोडून तो आतलं खोबरं खातो. आपल्याकडे अंदमान-निकोबारच्या काही बेटांवर हाच खेकडा सापडतो आणि कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे. तो फार सावकाश वाढतो आणि चाळीस-पन्नास वर्षंही जगतो. अमावस्येची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ, हे कोकणातल्या बाईला जसं कुणी शिकवावं लागत नाही, तसं बारुलेप कुठे, कधी, किती धरायचा याचं ज्ञान तिथल्या रोंगेलाप बेटावरच्या माणसाला पिढ्यांपासून होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी डॉक्टरांनी त्याला सांगितलं, हा खेकडा आता खायचा नाही.

कारण शास्त्रीय होतं आणि खरंही होतं. अमेरिकेनं तिथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. अशा बॉम्बच्या राखेतून जे अनेक किरणोत्सारी पदार्थ जमिनीवर पडतात, त्यांत स्ट्रॉन्शियम-९० असतं. रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियमचं भावंड. शरीर या दोघांत फारसा फरक करत नाही. कॅल्शियम जिथे जातं तिथे हेही जातं, म्हणजे हाडांत, दातांत आणि खेकड्याच्या कवचात. वाढताना खेकडा कवच टाकतो. त्या बेटावर कॅल्शियम वाया घालवण्याची चैन त्याला परवडत नाही, म्हणून बिळात बसून तो आपलंच टाकलेलं कवच खाऊन टाकतो. त्यामुळे एकदा अंगात शिरलेलं स्ट्रॉन्शियम बाहेर पडायची वाटच बंद होते. या प्राण्याची काटकसरच त्याला विषारी करून गेली.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते या खेकड्यापाशीच सुरू होतं. अन्न दूषित झालं की ‘खाऊ नका’ असं सांगणं आपल्याला जबाबदार वागणं वाटतं. पण बंदीचा सगळा भार खाणाऱ्यावर पडतो. ज्यानं राख पाडली त्याला त्याच्या ताटातलं काहीच कमी करावं लागत नाही. म्हणून किरणोत्साराच्या प्रश्नात अमुक पदार्थात किती बेकेरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) आहेत, हे विचारण्याआधी ती मर्यादा कुणी, कुणाचं जेवण समोर ठेवून ठरवली, हे विचारायला हवं. मार्शल बेटांच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा चुकीच्या माणसांनी सोडवला आणि दरवेळी त्याची किंमत तिथल्या लोकांनी शरीरानं मोजली.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेनं ‘ब्राव्हो’ ही चाचणी केली. १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजार पट, आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट. वारा पूर्वेकडे होता. काही तासांत रोंगेलापवर पांढरी भुकटी पडू लागली. बर्फ कधी न पाहिलेली मुलं तिच्यात खेळली, ती पिण्याच्या पाण्यात पडली, जेवणावर पडली. त्या दिवशी रोंगेलापवर ६४ माणसं होती आणि शेजारच्या आयलिंगिनेवर अन्न गोळा करायला गेलेली आणखी १८. रोंगेरिकवरच्या २८ अमेरिकी सैनिकांना दुसऱ्या दिवशी हलवण्यात आलं. रोंगेलापच्या लोकांसाठी जहाज आलं ते ३ मार्चला. तोवर उलट्या, जुलाब, कातडीवर भाजल्यासारखे डाग सुरू झाले होते. पुढे केस गळाले.

त्याच राखेत ‘लकी ड्रॅगन’ ही २३ खलाशांची जपानी मासेमारी बोट सापडली. तिचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारला. जपानमध्ये हाहाकार माजला. बंदरांवर किरणोत्सार मोजणारे गायगर काउंटर घेऊन माणसं ट्यूना तपासू लागली, आठशेंहून अधिक बोटींचे मासे टाकून द्यावे लागले. वर्ष संपता संपता ही तपासणी बंद झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये अमेरिकेनं जपानला २० लाख डॉलर दिले, दोष मान्य न करता. पैसा आला तेव्हा मोजणी थांबलेली होती, एवढा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

रोंगेलापच्या लोकांना १९५७ मध्ये घरी परत नेलं. अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या पथकानं तेव्हाच्या अहवालात लिहिलं की बेट राहण्यास पूर्णपणे सुरक्षित मानलं जातं, मात्र इथला किरणोत्सार जगातल्या इतर कोणत्याही वस्तीपेक्षा जास्त आहे. आणि या लोकांच्या वास्तव्यामुळे मानवी शरीरातल्या किरणोत्साराविषयी अत्यंत मौल्यवान माहिती मिळेल. ही सगळी विधानं एकाच परिच्छेदात आहेत आणि लिहिणाऱ्याला त्यांत काही विसंगत वाटलं नाही. त्याच्या वर्षभर आधी अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे मेरिल आयझेनबड एका बैठकीत उटिरिक बेटाबद्दल जवळपास हेच बोलले होते: राहायला सुरक्षित, पण जगातली सर्वांत दूषित जागा, आणि तिथून माहिती गोळा करणं फार रंजक ठरेल. हे लोक आपल्यासारखे सुसंस्कृत जीवन जगत नसले तरी उंदरांपेक्षा आपल्याला जवळचे आहेत, असंही ते म्हणाले. हे वाक्य इतक्या वेळा उद्धृत झालंय की त्याची धार बोथट व्हावी. माझ्यासाठी ती होत नाही.

परतीनंतर एका वर्षात लोकांच्या शरीरातलं सीझियम-१३७, हाही त्याच राखेतला किरणोत्सारी पदार्थ, सुमारे साठपट आणि स्ट्रॉन्शियम-९० वीसपट वाढलं. हवेतून नाही, जेवणातून. मग खेकड्यावर बंदी आली. चाचणीच्या वेळी ज्या मुलांचं वय दहाच्या आत होतं, त्यांतल्या बहुतेकांना पुढे थायरॉइडच्या गाठी झाल्या. रोंगेलापचे तेव्हाचे प्रमुख जॉन अंजाइन यांचा मुलगा त्या सकाळी एक वर्षाचा होता. १९७२ मध्ये तो रक्ताच्या कर्करोगानं गेला.

आता थोडं मातीकडे. सीझियमचा रासायनिक स्वभाव पोटॅशियमसारखा. आपल्या देशावरच्या किंवा कोकणातल्या जमिनीत चिकणमाती असते. ती सीझियमला घट्ट धरून ठेवते, झाडाच्या मुळांना ते सहज मिळत नाही. प्रवाळद्वीपाची जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा. तिच्यात चिकणमाती जवळजवळ नाही आणि पोटॅशियमही अत्यल्प. भुकेलं झाड जे मिळेल ते उचलतं. माड, नीरफणस, केवडा, सगळी झाडं पोटॅशियम समजून सीझियम ओढून घेतात. आपल्याला केवडा माहीत आहे तो हरतालिका-गणपतीतला, सुवासापुरता. मार्शल बेटांवर त्याच्या भाईबंदाचं फळ हे पोटभरीचं अन्न आहे, त्याचा गर टिकवून ठेवतात, लांबच्या सागरी प्रवासात तोच शिदोरी असतो. आणि मग झाडाचं फळ खेकडा खातो, खेकडा माणूस खातो. गंमत अशी की खुल्या समुद्रातला मासा तुलनेनं बराच स्वच्छ राहिला, कारण तिथे सीझियम पाण्यात विरून जातं. विष साठलं ते माडाच्या बुंध्याशी, घराच्या परसात.

बिकिनीच्या लोकांची कथा तर आणखी जुनी. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी नौदलाचे कमोडोर वायट यांनी तिथल्या १६७ लोकांना बेट सोडायला सांगितलं, मानवजातीच्या भल्यासाठी, काही काळापुरतं. रोंगेरिकवर ते उपाशी राहिले. तिथले काही मासे विषारी निघाले. मग क्वाजालीनवर तंबू, आणि १९४८ मध्ये किली, ज्याला प्रवाळाच्या कड्यानं वेढलेलं शांत सरोवरच नाही. नावाड्यांच्या जमातीला अशा जागी ठेवलं जिथे महिनोन्महिने होडी पाण्यात घालता येत नाही. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बिकिनी परत देऊ असं जाहीर केलं. अणुऊर्जा आयोगानं सांगितलं, किरणोत्सार जवळजवळ उरलेला नाही. माड लावले, घरं बांधली, १९७२ मध्ये पहिली कुटुंबं परतली. १९७५ मध्ये केवडा, नीरफणस आणि नारळखेकडे खाण्यालायक नाहीत असं ठरलं. विहिरींचं पाणीही नाही. १९७७ मध्ये शरीरातलं सीझियम अकरापट वाढल्याचं दिसलं आणि अधिकाऱ्यांनी फर्मान काढलं: दिवसाला एकच नारळ खा.

दिवसाला एक नारळ. कोकणातल्या घरात हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. शहाळं, खोबरं, आमटी, मासळीचं कालवण यांतलं नेमकं काय त्या एका नारळात बसवायचं? बिकिनीवर तर नारळ म्हणजे पिण्याचं पाणीसुद्धा होतं. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांच्या जेवणात नारळ हा चवीचा पदार्थ होता; ज्यांना दिला त्यांच्या जेवणाचा तो पाया होता. १९७८ मध्ये बिकिनी दुसऱ्यांदा रिकामी केली गेली.

मर्यादेचा आकडा कसा बनतो हे इथे समजून घेतलं पाहिजे, कारण बहुतेक वाद याच ठिकाणी धूसर होतात. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स या संस्थेचा व्यापारासाठीचा निकष अन्नातल्या सीझियमसाठी किलोला १,००० बेकेरेल आहे. जपाननं फुकुशिमानंतर, २०१२ पासून, सर्वसाधारण अन्नासाठी तो १०० वर आणला. विज्ञान एकच, सीझियम तेच, आकड्यात दहापट फरक. फरक गृहीतकात आहे. कोडेक्सचा हिशेब असं धरून चालतो की माणसाच्या एकूण खाण्यातला साधारण दहावा हिस्साच दूषित प्रदेशातून आलेला असेल. मुंबईत किंवा पॅरिसमध्ये बसून आयात केलेलं काही खाणाऱ्याला हे लागू पडतं. ज्याचा माड, खेकडा, केवडा सगळंच त्या एका बेटाचं आहे, त्याचा दहावा हिस्सा कुठला? त्याचा सगळाच हिस्सा. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुरक्षित’ हे शब्द ऐकले की मला त्या मानकामागच्या ताटाचा आकार दिसतो. ते ताट रोंगेलापचं नाही.

उलट उदाहरणही आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८२ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्यानं उत्तरेकडच्या बेटांच्या तपासणीचे निष्कर्ष मार्शलीज आणि इंग्रजी अशा दोन भाषांतल्या पुस्तिकेत छापले. पहिल्यांदा लोकांनी आपल्या भाषेत आकडे वाचले आणि रोंगेलापचे आकडे, लोकांना उठवून रिकाम्या केलेल्या बिकिनीच्या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहिले. स्थलांतराची मदत मागूनही मिळाली नाही तेव्हा मार्शल बेटांच्या संसदेतले सिनेटर जेटन अंजाइन यांच्या नेतृत्वाखाली मे १९८५ मध्ये तीनशेंहून अधिक माणसं ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजातून घरं मोडून, लाकूड-पत्रे सोबत घेऊन मेजाटो या दुसऱ्या बेटावर गेली. त्या वेळी अनेक तज्ज्ञांनी याला अज्ञानातून आलेली भीती म्हटलं. मी याला अज्ञान म्हणणार नाही. तीस वर्षं ज्यांनी ‘सुरक्षित’ म्हटलं आणि मग खेकडा काढून घेतला, त्यांच्या शब्दावर पुन्हा विसंबणं हेच अविवेकी ठरलं असतं. पुढे १९९२ च्या समझोत्यात रोंगेलापच्या लोकांनी एक अट घालून घेतली: परतायचं तर सर्वाधिक किरणोत्सार घेणाऱ्या माणसाची, आणि तीही फक्त स्थानिक अन्न खाणाऱ्या माणसाची, मात्रा नैसर्गिक पातळीहून वर्षाला १०० मिलिरेमपेक्षा (मिलिरेम म्हणजे शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचं माप) जास्त होता कामा नये. सरासरी माणूस नाही, डबाबंद अन्नाचा आधार घेणारा माणूस नाही. खाणाऱ्यांनी स्वतः मांडलेला हा निकष आहे आणि जगात कुठेही अन्न दूषित झालं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी.

आता विरोधी बाजू. ती कमकुवत नाही. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं. १९५४ पासून सत्तर वर्षांत मूळ साठ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरलाय. पाऊस त्यातलं काही जमिनीत खाली वाहून नेतो. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी बिकिनीवर अनेक वर्षं प्रयोग करून दाखवलं की जमिनीत पोटॅशियम खत घातलं तर नारळातलं सीझियम पूर्वीच्या एक दशांशापर्यंत, त्याहूनही खाली येतं. झाडाला हवं ते मिळालं की ते चुकीचं उचलत नाही. इतका साधा, इतका शेतकऱ्याला पटणारा उपाय. मग काही जण म्हणतात, भीतीनं माणसांचं किरणोत्सारापेक्षा जास्त नुकसान केलं. आता परत जा. यातला पहिला भाग निम्मा खरा आहे. खेकडा-नारळ सुटला, तांदूळ, मैदा, साखर आणि डब्यातलं मांस आलं, आणि मार्शल बेटं आज मधुमेहाच्या सर्वाधिक प्रमाणाच्या देशांत आहेत. त्यात चाचण्यांशिवाय इतर कारणंही आहेत, शहरीकरण आहे, क्वाजालीनच्या अमेरिकी लष्करी तळाभोवतीची दाटी आहे. पण ज्या समाजाला त्याचं स्वतःचं अन्न सरकारी पत्रकानं परकं केलं, तिथे डबा उघडणं ही निवड राहत नाही. बंदी ही म्हणूनच उपाय नव्हे. उपाय म्हणजे खत, माती, तपासणी आणि पैसा, आणि हे सगळं प्रदूषकानं द्यायचं.

त्यानं दिलं का? बिकिनीसाठी नुकसानभरपाई न्यायाधिकरणानं २००१ मध्ये ५६ कोटी ३० लाख डॉलरचा निवाडा दिला. जमीन साफ करण्याचा निकष म्हणून वर्षाला १५ मिलिरेम धरला, कारण अमेरिकेत अमेरिकी नागरिकांसाठी तिथली पर्यावरण संस्था तोच धरते. प्रत्यक्षात न्यायाधिकरणाच्या तिजोरीत अमेरिकेशी झालेल्या १९८६ च्या करारातून आलेला निधीच इतका तुटपुंजा होता की त्या निवाड्याचा अगदी किरकोळ अंश हाती पडला. २०१० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं बिकिनीचं प्रकरण ऐकण्यासही नकार दिला. तिकडे एनेवेटाक या चाचण्या झालेल्या दुसऱ्या प्रवाळद्वीपावर रुनिट बेटाच्या एका स्फोटविवरात हजारो घनमीटर दूषित माती भरून १९८० मध्ये वर काँक्रीटचा घुमट बसवला. विवराच्या तळाला अस्तर नाही.

अलीकडे बिकिनीच्या पाण्याखालची छायाचित्रं फिरतात: प्रवाळ वाढलेत, शार्क निर्धास्त पोहताहेत, ‘निसर्गानं स्वतःला सावरलं’ असा मथळा. २०१० पासून हे बेट जागतिक वारसास्थळ आहे. मासे भरपूर दिसतात त्यात माणसांनी तिथे मासेमारी न करण्याचाही मोठा वाटा आहे. २०१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पथकानं प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बिकिनी आणि रोंगेलाप प्रवाळद्वीपातल्या नाएन बेटावरच्या काही फळांत सीझियम अजूनही सुरक्षिततेच्या मर्यादांपेक्षा जास्त आढळलं. फळ हिरवंगार, खेकडा गुबगुबीत, आणि तरीही खाण्यालायक नाही. प्राणी जगतोय यावरून तो अन्न म्हणून परत मिळाला असं ठरत नाही.

या सगळ्यात आपला, भारताचा, संबंध दोनदा आला आहे. ब्राव्होनंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या जागच्या जागी थांबवण्याचा करार व्हावा अशी मागणी केली. एखाद्या सरकारप्रमुखानं केलेली अशी ती पहिली मागणी मानली जाते. साठ वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, मार्शल बेटांनी नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे दाखल केले, त्यांत भारतही होता. त्यामागचे परराष्ट्रमंत्री टोनी डीब्रम नऊ वर्षांचे असताना लिकिएप बेटावर आजोबांबरोबर मासे धरत होते आणि ब्राव्होचा उजेड त्यांनी स्वतः पाहिला होता. ते पैसे मागत नव्हते. अण्वस्त्रं कमी करण्याच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करा, एवढंच त्यांचं म्हणणं. भारतानं न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रालाच हरकत घेतली आणि ५ ऑक्टोबर २०१६ रोजी नऊ विरुद्ध सात मतांनी ती मान्य झाली. कायद्याच्या दृष्टीनं ती भूमिका घेण्याचा भारताला हक्क होता. भारताच्या चाचण्या जमिनीखाली झाल्या, पॅसिफिकमध्ये आपण एक कणही पाडला नाही, हेही खरं. पण १९५४ मध्ये ज्यांच्यासाठी आपण बोललो त्यांनाच २०१६ मध्ये ‘आपल्यात वादच नाही’ असं सांगून परत पाठवलं, याची मला भारतीय म्हणून लाज वाटते आणि ती मी लपवणार नाही.

म्हणून एक अगदी ठोस मागणी. आज मार्शल बेटांवर लोकांच्या शरीरातलं सीझियम मोजणारी यंत्रं आहेत. ती स्थानिक तंत्रज्ञ चालवतात, पण कार्यक्रम आणि पैसा अमेरिकी ऊर्जा खात्याचा, विज्ञान लिव्हरमोर प्रयोगशाळेचं. मोजमाप चुकीचं असेल असं मी म्हणत नाही. पण ज्यानं बॉम्ब फोडला त्याचाच वारस काटा धरून बसला असेल, तर रोंगेलापची आई त्या काट्यावर विश्वास का ठेवेल? मानवी शरीरातला आणि अन्नातला किरणोत्सार मोजण्याचं काम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक दशकं चाललंय. ही विद्या आपल्याकडे आहे. भारतानं मार्शल बेटांची राजधानी माजुरो इथे एक स्वतंत्र प्रयोगशाळा उभी करून द्यावी, मार्शलीज तरुणांना ती चालवायला शिकवावं, आणि किल्ली त्यांच्या हाती देऊन बाजूला व्हावं. मग कुणी खेकडा पिशवीत घालून तिथे घेऊन येईल, त्याच्याच गावची मुलगी तो मोजेल, आकडा त्याच्या भाषेत सांगेल, आणि तो ठरवेल घरी नेऊन शिजवायचा की नाही.